पुतळ्याची भाकर, पुतळ्याची वात

पत्रिकेत माझा विषय 'प्राचीन इजिप्तमधील थडग्यांच्या शिल्पकलेचा विकास' असा छापलाय. विकासाकडे येतोच. पण मघाशी चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, इतके देखणे पुतळे घडवायचे आणि अंधारात कोंडायचे, हा काय प्रकार? हे विचारलं की मला राहवत नाही.

इजिप्तमध्ये सक्काऱ्याला जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडला लागून उत्तरेला एक दगडी कोठडी आहे. तिला दारच नाही. भिंतीत दोन भोकं, बसलेल्या राजाच्या डोळ्यांसमोर येतील अशी. (मूळ पुतळा कैरोच्या संग्रहालयात आहे, कोठडीत प्रतिकृती.) पर्यटक त्यातून आत डोकावून फोटो काढतात, राजासाठी मात्र ती बाहेर बघायची सोय. माणसाची जी जीवनशक्ती, 'का', तिला मेल्यावरही भूक लागते, आणि जेवायला देह हवा. ममी कुजली तर पुतळा आहेच.

मग जेवू कोण घालणार? मुलगा. आणि इथेच मला या लोकांचं कौतुक वाटतं, कारण मुलांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता! हसताय, पण मागच्या रांगेतले ज्येष्ठ हसले नाहीत, हे मी पाहिलंय.

इजिप्तमधल्या असियुत गावचा प्रांताधिकारी हापजेफाई, पहिल्या सेनुस्रेत राजाच्या काळातला, म्हणजे इ.स.पू. विसाव्या शतकातला. या गृहस्थाने देवळांच्या पुजाऱ्यांशी वगैरे दहा करार केले आणि थडग्याच्या भिंतीवर कोरून ठेवले. अमक्या सणाला प्रत्येक पुजाऱ्याने पुतळ्यापुढे एक पांढरी भाकर ठेवायची. वर्ष सरताना नि नवं लागताना दिव्यांच्या वाती कोणी पुरवायच्या, तेही ठरलेलं. वाती! आणि फुकट काही नाही. स्वतः पुजारी घराण्यातला, म्हणून देवळाच्या उत्पन्नातले आपले 'दिवस' तो मोबदल्यात देतो, आणि देवळाचा एक दिवस म्हणजे वर्षाचा ३६० वा भाग, हेही लिहून ठेवतो. हे वडिलार्जित, ते हुद्द्याचं, असा हिशेब वेगळा. पुतळ्याची व्यवस्था बघणाऱ्या पुजाऱ्याला शेतं, माणसं, गुरं दिली. अट एकच, हे सगळं त्याच्या एकाच मुलाकडे जावं, वाटण्या नकोत. आपल्याकडच्या देवस्थान इनामांचे तंटे ज्यांनी कोर्टात पाहिलेत, त्यांना हा माणूस किती शहाणा होता ते सांगायला नको.

आणि झालं काय? १९१३ साली पुरातत्त्वज्ञ रायझनर सुदानमध्ये केर्माला खणत होता. तिथल्या राजाच्या प्रचंड ढिगाऱ्याखालच्या थडग्यात त्याला हापजेफाईच्या पुतळ्याचे तुकडे मिळाले, आणि त्याची बायको सेन्नुवी, म्हणजे तिचा पुतळा, जवळजवळ अख्खी. दोघांना कोणीतरी परमुलखात नेलं होतं. करार राहिले असियुतच्या भिंतीवर. सेन्नुवी आता बॉस्टनला असते. इतकी शांत बसलीय की वातीचा तंटा तिच्या गावीही नसावा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, विकास.

माझं म्हणणं एवढंच, की हे शिल्प बदललं ते भाकरीच्या काळजीने. जुन्या राज्यात, म्हणजे पिरॅमिडांच्या काळात, पुतळा कोठडीत, बाहेर खोट्या दारापुढे, म्हणजे भिंतीत नुसत्या कोरलेल्या दारापुढे, नैवेद्य. भरवसा कमी झाला तसं अन्न सोबतच पुरलं: १९२० साली पुरातत्त्वज्ञ विनलॉकला मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी भटारखाना, मद्याची भट्टी, खाटीकखाना मिळाला, इवलीइवली माणसं अजून राबतायत. राबायचं काम पुढे शब्ती बाहुल्यांनी, म्हणजे मेलेल्याची कामं करायला सोबत पुरलेल्या छोट्या मूर्तींनी, उचललं. तुतनखामुनकडे त्या चारशेच्या वर होत्या. आणि मध्य राज्यापासून, म्हणजे हापजेफाईच्या काळापासून, पुतळा कोठडीतून निघून देवळात आला. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, चौकोनी ठोकळा. कलासमीक्षक त्याच्या घनतेवर बोलतात. मला दिसतो तो मजकुरासाठी मोकळा ठेवलेला सपाट दगड, कारण आता वंशज सोडून येणाऱ्याजाणाऱ्याकडेच मागायचं होतं: हजार भाकरी, हजार घडे बीर, बैल, पक्षी, नुसतं तोंडाने म्हणा, तुमचं काही जात नाही, तोंडाची वाफ तेवढी. ती वाफही पुतळ्याला पोहोचत होती.

अध्यक्ष उठलेत. बाकीचं प्रश्नोत्तरांत.