ओर्व्हिएतो: कड्यावरचं गाव आणि त्याच्या पोटातलं पाणी

नमस्कार श्रोतेहो. रोमहून फ्लोरेन्सच्या दिशेने साध्या रेल्वेने निघालात, तर सव्वा तासाच्या सुमारास डाव्या खिडकीतून एक उभ्या कड्यांचं पठार दिसतं. वर दाटीने घरं आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून वर आलेलं एक चर्च. हे ओर्व्हिएतो, उंब्रिया प्रांतातलं.

हा कडा टफ दगडाचा आहे. टफ म्हणजे ज्वालामुखीची राख घट्ट होऊन बनलेला मऊ दगड. कुदळीने कोरता येतो, पण पाणी धरून ठेवत नाही. पावसाचं पाणी झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जातं आणि तिथे अडतं. त्यामुळे शत्रूला चढायला अवघड असलेलं हे गाव कायम पाण्यासाठी खाली बघत आलं. त्याचा बराचसा इतिहास या एका अडचणीतून उलगडतो.

इथले पहिले नगरवासी एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेले लोक. त्यांनी दगडात अरुंद, आयताकृती विहिरी खणल्या. आत उतरण्यासाठी समोरासमोरच्या भिंतींत पाय रोवायच्या खाचा आहेत, त्या आजही दिसतात. इ.स.पू. 264 मध्ये रोमनांनी हे शहर उद्ध्वस्त केलं आणि उरलेल्या लोकांना बोल्सेना सरोवराकाठी वसवलं. इथल्या 2000 पुतळ्यांच्या लोभाने रोमनांनी हल्ला केला, असा आरोप रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवला आहे.

आता गावातल्या सगळ्यात प्रसिद्ध विहिरीकडे येऊ. 1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट कैदेतून सुटून डिसेंबरात ओर्व्हिएतोला आला. (इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे वकील राजाचं लग्न रद्द करून मागायला त्याच्यामागे इथवर आले होते!) उद्या इथेही वेढा पडला आणि बाहेरून येणारं पाणी तोडलं तर काय, या धास्तीने क्लेमेंटने अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाला विहीर खणायला सांगितली. सुमारे 53 मीटर खोल आणि 13 मीटर रुंद. वरचा भाग थेट टफमध्ये कोरलेला. खाली माती ढासळू नये म्हणून विटांचं बांधकाम.

आपल्याकडच्या बारवेत त्याच पायऱ्यांनी उतरायचं आणि त्याच पायऱ्यांनी चढायचं. इथे खरी करामत वेगळीच आहे. मधल्या पोकळीभोवती दोन जिने एकमेकांवरून वळत जातात आणि कुठेच एकत्र येत नाहीत. प्रत्येकाला 248 पायऱ्या. पखाली लादलेली गाढवं एका जिन्याने उतरत, तळाशी छोटा पूल ओलांडत आणि दुसऱ्याने वर येत. वाटेत समोरासमोर येऊन खोळंबा होण्याचा प्रश्नच नाही. उजेडासाठी मधल्या भिंतीत 70 खिडक्या आहेत. काम 1537 मध्ये संपलं, तोवर क्लेमेंट वारलाही होता. आणि ज्या वेढ्यासाठी एवढा खटाटोप केला, तो पडलाच नाही.

पाहायला जाताना एक ध्यानात ठेवा: पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत, गाढवांच्या सोयीच्या, आणि ओलसर असतात. चप्पल नको. उतरताना सोपं वाटतं. चढताना 248 पायऱ्यांचा हिशेब द्यावा लागतो. गुडघे दुखत असतील तर वरच्या खिडक्यांतून डोकावून परत फिरलेलं बरं.

स्टेशनसमोरूनच वर जाणारी दोराची रेल्वे आहे. 1888 मध्ये ती पाण्याच्या वजनावर चाले: वरच्या डब्याची टाकी भरायची, तो खाली येताना दुसऱ्याला वर ओढायचा. 1970 ला बंद पडलेली ही गाडी 1990 पासून विजेवर धावते. वर उतरलात की विहीर दोन पावलांवर, आणि चर्चकडे जायला छोटी बस उभी असते.

चर्चचा पाया 1290 चा. बाजूच्या भिंतींवर काळ्या बेसाल्टचे आणि फिक्या दगडाचे आडवे पट्टे, तर दर्शनी भिंतीवर वास्तुविशारद लोरेन्झो मैतानीच्या काळातली, बायबलमधल्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची शिल्पं. तोंड पश्चिमेकडे असल्याने सोनेरी मोझेक दुपारनंतरच उजळतं. आत सान ब्रिझिओ चॅपेल या छोट्या प्रार्थनादालनासाठी निवांत अर्धा तास ठेवा. 1447 मध्ये चित्रकार फ्रा आंजेलिकोने रंगवायला सुरू करून सोडलेलं छत लुका सिन्योरेल्लीने पुढे नेलं आणि 1504 पर्यंत भिंतीही रंगवल्या. अंतिम न्यायासाठी जमिनीतून स्वतःला उपसून बाहेर काढणारी माणसं या चित्रांत पाहिलीत की सिन्योरेल्लीचा शरीररचनेचा अभ्यास कळतो. ज्या कॉर्पस क्रिस्ती (ख्रिस्ताच्या देहाच्या) सणाला गोव्यातल्या चर्चमध्येही प्रार्थना होते, तो 1264 मध्ये पोप चौथ्या अर्बनने इथूनच जाहीर केला.

गावाखाली बाराशेच्या आसपास पोकळ्या सापडल्या आहेत: तेलाचे घाणे, दारूची तळघरं, कबुतरांसाठी कोरलेले कोनाडे. वेढ्यात कबुतर हे घरचं मांस. पण शतकानुशतकं पोखरलेल्या कड्याचे कडेचे भाग कोसळू लागले, आणि 1978 मध्ये खास कायदा करून सरकारला कडा बळकट करावा लागला. ही भुयारं फक्त मार्गदर्शकासोबतच पाहता येतात. एक जिना इतका अरुंद आहे की पाठीवरची पिशवी हातात घ्यावी लागते. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, अंगावर काहीतरी हवं.

सगळं पाहायचं असेल तर 'कार्ता उनिका' हे एकत्रित तिकीट घ्या. फक्त विहीर आणि चर्च करायचं असेल, तर सुटी तिकिटं घ्या, तीच परवडतील.