जखम भरली, तरी खटला कशाचा? ग्रीक आणि रोमन कायद्यातील अपमान

नमस्कार मंडळी. प्राचीन रोमचा विषय काढला की ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा, एवढेच ना?’ अशी टिप्पणी हमखास येते, आणि ती मला मनापासून खटकते. इ.स.पू. ४५०च्या सुमाराच्या ‘बारा फलकां’च्या कायद्यातही, म्हणजे रोमच्या जुन्या लिखित कायद्यातही, अवयव निकामी झाल्यावर तडजोड फिसकटली, तरच तसा सूड घेता येई. हाड मोडल्यास स्वतंत्र माणसासाठी ३०० आस (हे रोमन नाणे), गुलामासाठी १५०, आणि त्याहून किरकोळ मारहाणीला २५ आस. दरपत्रक एवढेच.

पुढचा मुद्दा मात्र सावकाश ऐका, कारण तो बहुतेकांच्या हातून निसटतो: गुन्हा जखमेत नसून अपमानात आहे. रोमन लेखक ऑलस गेलियसने नोंदवल्याप्रमाणे लुसियस वेराटियस नावाचा माणूस रस्त्यात भेटेल त्या स्वतंत्र माणसाच्या थोबाडीत मारी, आणि मागून पैशांची थैली घेऊन येणारा गुलाम लगेच २५ आस मोजून देई. ही हकीकत सांगितली की माझे विद्यार्थी हसतात. मला मात्र मार खाणाऱ्यांचा संताप कळतो, कारण चारचौघांत गेलेली पत ठरावीक दरात परत मिळत नाही. म्हणूनच पुढे प्रेटर या न्यायाधिकाऱ्यांनी प्रसंग पाहून भरपाई ठरवण्याची पद्धत आणली.

आता अथेन्सला चला. अरिस्टोन या तरुणाला कोनोन आणि त्याच्या साथीदारांनी चिखलात पाडून तुडवले. प्रसिद्ध वक्ता डेमोस्थेनिसने अरिस्टोनला कोर्टासाठी लिहून दिलेल्या भाषणात जखमांचे वर्णन आहेच, पण मनात राहतो तो कोनोन, झुंज जिंकलेल्या कोंबड्यासारखा आरवणारा आणि कोपरे पंखांसारखी फडफडवणारा. मारहाणीच्या खासगी दाव्यात ‘आधी हात कोणी उचलला’ हे पाहिले जाई. दुसऱ्याला हिणवण्यासाठी केलेले कृत्य, म्हणजे ‘ह्युब्रिस’, यासाठी मात्र कोणीही नागरिक सार्वजनिक खटला भरू शके आणि शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शके. वय लहान असल्याने अरिस्टोनने आप्तांच्या सल्ल्यावरून साधा दावाच लावला, तरी ते आरवणे त्याने न्यायाधीशांपुढे मांडलेच.

‘अपमान मनाला लावूनच घेतला नाही तर?’ असे एका प्रेक्षकाने विचारले आहे, आणि इतका नेमका प्रश्न क्वचितच येतो. रोमन कायद्यात, अपमान झाला त्याच वेळी ज्याने तो मनावर घेतला नाही, त्याला नंतर विचार बदलून दावा लावता येत नसे. तोच ठोसा नाट्यगृहात किंवा भर चौकात बसला, तर अपराध अधिक गंभीर ठरे. आणि अपमान झालेला माणूस दावा न लावताच वारला, तर त्याच्या वारसांना तो लावता येत नसे.