आधी परिणाम, मग हालचाल

[दृश्य : टेबलावर पालथा ग्लास. चौकटीत एक हात येतो.]

हा ग्लास सुलटा करून त्यात पाणी ओतायचं आहे. हाताकडे नीट बघा. अंगठा खाली वळला, मनगट पिळलं गेलं, कोपर बाजूला उचललं गेलं. पकड चांगलीच अवघडलेली आहे. पण ग्लास सुलटा झाला आणि हातही सरळ झाला! शेवटी सोयीचं व्हावं म्हणून सुरुवातीची गैरसोय सोसली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनबॉम यांनी एका वेटरला असं करताना पाहिलं. पुढे १९९० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट प्रयोगातून मांडली.

[दृश्य : हात एका चकतीकडे झेपावतो. तीच हालचाल पुन्हा, संथ गतीत.]

त्याआधी, १९८७ मध्ये, रोनाल्ड मार्टेनियुक यांच्या गटाने हात वस्तूपर्यंत पोहोचतो कसा हे मोजलं होतं. चकती उचलून मोठ्या खोक्यात भिरकावायची असेल तर हात एका पद्धतीने जातो. तीच चकती नेमक्या मापाच्या खाचेत बसवायची असेल तर शेवटच्या टप्प्यात तो जास्त वेळ वेग कमी करत जातो. चकती तीच, अंतर तेच. फरक फक्त पुढे काय करायचं आहे याचा.

पण इथे शंका घेता येते. पुढचं काम वेगळं, म्हणून तयारी वेगळी. त्यात नवल काय? मग असा परिणाम घेऊ, ज्याचा पुढे काहीच उपयोग नाही.

[दृश्य : एक बटण, एक बोट. स्पीकर.]

जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्फ्रीड कुंडे यांचा २००१ सालचा प्रयोग. पडद्यावरच्या खुणेनुसार बटण कधी हळू दाबायचं, कधी जोरात. दाबलं की एक स्वर वाजतो. एका फेरीत हळू दाबल्यावर बारीक आवाज आणि जोरात दाबल्यावर मोठा. दुसऱ्या फेरीत नेमकं उलट. आवाजाकडे लक्ष द्या असं कुणी सांगितलेलं नाही, त्यावर पुढचं काहीच अवलंबून नाही. तरी उलट जोडीच्या फेरीत लोक बटण दाबायला जास्त वेळ घेतात.

इथे थोडं थांबू या. आवाज येतो बटण दाबल्यानंतर. उशीर होतो दाबण्याआधी. अजून न वाजलेला स्वर बोटाला अडवेल कसा? अडवते ती त्याची अपेक्षा. कृती निवडतानाच तिचा परिणाम मनात जागा होतो, आणि तो कृतीशी जुळत नसेल तर निवड रेंगाळते.

२००४ मध्ये कुंडे आणि सहकाऱ्यांना दिसलं की हा प्रभाव निवडीपाशी संपत नाही. मोठा आवाज येणार असेल तर बोटाचा जोरही थोडा कमी पडतो. जणू अपेक्षित जोरातला काही वाटा आवाजानेच उचलला.

[दृश्य : दोरीला टांगलेला लंबक, स्थिर धरलेला हात.]

ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३३ मध्येच लिहून ठेवलं होतं की हातात धरलेला लंबक, आपण मुद्दाम न हलवताही, झुलू लागतो आणि डोळे बांधले की थांबतो. १८९० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी त्याला तत्त्वाचं रूप दिलं : हालचालीची कल्पनाच काही प्रमाणात ती हालचाल जागी करते. पुढे वर्तनवाद्यांच्या, म्हणजे फक्त बाहेरून दिसणारं वर्तनच अभ्यासायचं म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या काळात, मनातल्या कल्पनांवर बोलणंच गैर ठरल्यावर, हे तत्त्व अडगळीत गेलं. माझ्या मते ते नुकसानच होतं.

[दृश्य : टेबलावर दोन छोटे झेंडे गोल फिरताहेत. हात दिसत नाहीत.]

सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रयोग फ्रान्झ मेक्सनर यांचा, २००१ चा. दोन हातांनी दोन दांडे फिरवायचे. एक हात चार फेरे घेईल तेवढ्यात दुसऱ्याने तीन. करून बघा, जमणं जवळपास अशक्य. मेक्सनर यांनी हात टेबलाखाली झाकले आणि मध्ये दातेरी चक्रं अशी बसवली की चाराला तीन हे प्रमाण साधलं तर वरचे झेंडे एकाच वेगाने फिरावेत. लोकांना फक्त झेंडे जुळते ठेवायचे होते. ते त्यांना जमलं, आणि खाली झाकलेले हातही चाराला तीन याच प्रमाणात फिरत राहिले.