ऑनलाइन शिकताना हे एक बटण दाबता का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा आलाय, "मॅडम, क्लास लावू की ऑनलाइनच शिकू?"

फायदे तुम्हाला ठाऊक आहेत. अक्कलकोट-बार्शीहून रोज एसटीनं यायला नको. स्वयम, एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांत आयआयटीचे प्राध्यापक फुकट शिकवतात, फी लागते ती परीक्षेलाच. आणि मे महिन्यात आपल्या सोलापूरच्या उन्हात दुपारी दोनला क्लासला जाणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. तोटेही माहितीचेच. रेंज, डेटा, डोळे. पुढं चला.

मला बोलायचंय ते व्हिडिओच्या थांबा (पॉज) बटणाबद्दल.

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक दहावीची मुलगी माझ्याकडं अडचणी घेऊन येते. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, शेजारी ही डब्याला फोन टेकवून बसते. फोन एकच, सातनंतर तो भावाचा. त्यामुळं ही दीडपट वेगानं बघायची. वर्गसमीकरणाचे सगळे व्हिडिओ झाले. "मॅडम, सगळं समजलं." मी वहीत लिहून दिलं: एक्सचा वर्ग, वजा 5 एक्स, वजा 14, बरोबर शून्य. तिनं 14 ची फोड केली 7 आणि वजा 2. गुणाकार बरोबर, वजा 14. पण बेरीज आली अधिक 5! हवी होती वजा 5, म्हणजे आकडे हवे होते वजा 7 आणि अधिक 2. पेन तिथंच अडलं. व्हिडिओत हीच पायरी तिनं चार वेळा पाहिली होती. पाहिली होती, केली नव्हती.

वर्गात पन्नास पोरं असताना "सर, जरा थांबा" म्हणायला जीभ रेटत नाही. इथं एक बोट लावलं की सर थांबतात, कितीही वेळा. ऑनलाइन शिक्षणाचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. आणि तोटाही इथंच आहे, कारण वर्गात सर फळ्यापाशी बोलावतात, वही तपासतात. इथं तुम्ही थांबला नाहीत तर कुणी विचारत नाही.

एका दादांनी लिहिलंय, "थांबलं की लिंक तुटते." दादा, तुटू दे ना! जिथं तुटते तिथंच तुम्हाला येत नाही, हे घरबसल्या कळलं. नाहीतर ते बोर्डाच्या पेपरात कळतं.

आपल्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजी बघा. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. त्यांनी क्यूआर कोड चिकटवले ते पाठ्यपुस्तकातच. कोड स्कॅन करायलासुद्धा पोराला आधी पुस्तक उघडावं लागतं. मला ते फार पटलं. फोन पुस्तकाच्या जागी आला नाही, पुस्तकाशेजारी आला.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक सांगते. "किती व्हिडिओ झाले?" असं विचारू नका. "वही दाखव" म्हणा. गणित कळत नसलं तरी चालेल, खाडाखोड दिसली पाहिजे. कोरं पान लगेच ओळखू येतं.

आणि सरांनी गणित मांडलं की, सोडवायच्या आधी थांबवायचं. सोडवून झाल्यावर नाही, आधी! यात सगळे चुकतात.

आता घ्या: एक्सचा वर्ग, अधिक 3 एक्स, वजा 18, बरोबर शून्य. मधल्या पदाची फोड करा. उत्तर मी दहा सेकंदांनी सांगणार आहे, त्याआधी व्हिडिओ थांबवा.