मनगटापासून सुरुवात : पडद्यावरचे डिसेक्शन कसे शिकावे

नमस्कार. संगणक उघडण्यापूर्वी एक छोटी कृती करू या. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांची टोके एकमेकांना घट्ट टेकवा आणि तशीच ठेवून मनगट थोडे स्वतःकडे वाकवा. मनगटाच्या मधोमध ताणलेल्या दोरीसारखे काही वर आले असेल, तर ती पामॅरिस लाँगस या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी किंवा इतर भागाशी जोडणारी चिवट दोरी आहे. काहीच वर आले नाही तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण हा स्नायू मुळातच नसलेली पुष्कळ माणसे आहेत. पाठ्यपुस्तकांत त्यासाठी साधारण 15 टक्के असा आकडा दिलेला असतो, लोकसमूहानुसार तो बराच बदलतो, आणि ज्यांना हा स्नायू नसतो त्यांचे रोजच्या कामात काहीही अडत नाही. माझ्या उजव्या मनगटात ही कंडरा आहे आणि डाव्यात नाही.

[पडद्यावर : दोन्ही मनगटे शेजारी शेजारी, जवळून]

आता माझ्या मागच्या पडद्यावर शरीराचे जे त्रिमितीय मॉडेल दिसते आहे, त्याच्या दोन्ही हातांत ही कंडरा ठळकपणे आहे. यात मॉडेलची चूक काही नाही, परंतु मी वर्गात आभासी डिसेक्शन, म्हणजे पडद्यावर शरीर थराथराने उलगडून पाहणे, शिकवू लागले तेव्हापासून पहिला प्रश्न हाच विचारते की, हे शरीर नेमके कोणाचे आहे? पडद्यावर जे दिसते ते एक तर कोणीतरी घडवलेले असते, नाही तर कोणा एका माणसाचे असते, आणि हा फरक कळल्याशिवाय पुढचे शिकणे कच्चे राहते.

पहिल्या प्रकारात प्रत्येक हाड, स्नायू आणि नर्व्ह (मज्जातंतू) यांचा पृष्ठभाग संगणकावर स्वतंत्रपणे घडवलेला असतो. विनामूल्य मिळणारे आणि मुक्तस्रोत असलेले झेड-ॲनाटॉमी हे याचे चांगले उदाहरण आहे. बॉडीपार्ट्स थ्रीडी या जपानी प्रकल्पाच्या मॉडेलांवर ते उभारलेले आहे आणि ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या प्रणालीत ते चालते. कम्प्लीट ॲनाटॉमीसारखी विकत घ्यावी लागणारी सॉफ्टवेअरही दिसायला अधिक गुळगुळीत असली तरी मुख्यतः याच जातकुळीतली आहेत. अशा अनेक मॉडेलांत हाताची किंवा पायाची एक बाजू घडवून तिचेच प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला लावलेले असते, त्यामुळे माझ्यासारखी एका हातात कंडरा असलेली आणि दुसऱ्यात नसलेली व्यक्ती तेथे सहसा भेटत नाही.

दुसऱ्या प्रकारात खऱ्या माणसाचे काप असतात. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन या संस्थेने 1994 मध्ये एका पुरुषाची आणि 1995 मध्ये एका स्त्रीची संपूर्ण शरीरचित्रे खुली केली. हाच व्हिजिबल ह्यूमन प्रकल्प, आणि त्याचे काम कोलोरॅडो विद्यापीठात झाले. तो पुरुष 39 वर्षांचा होता, टेक्सासमध्ये 1993 साली त्याला मृत्युदंड दिला गेला होता आणि त्याने आपला देह विज्ञानासाठी दिला होता. कैद्याच्या संमतीला खऱ्या अर्थाने संमती म्हणावे का, यावर तेव्हा वाद झाला आणि तो वाद अनाठायी होता असे मला वाटत नाही. स्त्री 59 वर्षांची होती आणि तिचे नाव जाहीर करण्यात आले नाही. देह गोठवून त्याचे ठोकळे केले गेले, प्रत्येक ठोकळ्याचा वरचा पातळ थर यंत्राने खरवडून काढला गेला, उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घेतले गेले आणि मग पुढचा थर खरवडला गेला. पुरुषाच्या बाबतीत हा थर 1 मिलिमीटरचा होता आणि त्याचे 1871 काप मिळाले. स्त्रीच्या बाबतीत तो एक तृतीयांश मिलिमीटर इतका बारीक होता आणि कापांची संख्या 5000 च्या वर गेली. खरवडलेल्या थराचा भुगा होत असल्यामुळे काम संपले तेव्हा देह उरला नाही, त्याची चित्रे तेवढी उरली. त्या पुरुषाचे अपेंडिक्स आधीच शस्त्रक्रियेने काढलेले होते. हजारो विद्यार्थ्यांनी ज्याच्यावरून माणसाचे शरीर समजून घेतले, त्याच्या शरीरात अपेंडिक्स नव्हते!

थर खरवडत आत जाण्याची ही रीत ऐकली की मला सुश्रुतसंहिता आठवते. तिच्या शारीरस्थानात मृतदेह मुंज किंवा तशाच गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा, आणि मग वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतला प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहावा, असे सांगितले आहे. त्यातला ‘हळूहळू’ हा शब्द आज आपल्या कामाचा आहे, कारण पडद्यावर सर्वांत आधी हरवतो तो हळूपणाच.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. सॉफ्टवेअर कोणतेही असो, त्यात निरनिराळ्या नावांनी तीन सोयी असतात : एखादा भाग लपवणे, तो पारदर्शक करणे, आणि बाकी सारे नाहीसे करून तेवढा एकच भाग दाखवणे. नवशिक्यांचा हात हटकून तिसरीकडे जातो. काळ्या पडद्यावर एकटी नर्व्ह फिरताना फार सुंदर दिसते, परंतु ती कशाच्या खाली आहे, कशाच्या वर आहे आणि कोणत्या दोन गोष्टींच्या मधून जाते हे सारे त्या एका क्लिकने पुसले जाते. शरीररचनेच्या अभ्यासात हे शेजारसंबंधच तर शिकायचे असतात. म्हणून पहिले काही आठवडे या सोयीला हात लावू नये, असा माझा आग्रह असतो.

त्याऐवजी एक प्रश्न घेऊन आत शिरावे. आजचा प्रश्न असा : मनगटात मीडियन नर्व्ह दाबली गेली की अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात, मग तळहाताच्या मधल्या भागाची संवेदना बहुधा शाबूत कशी राहते? कार्पल टनेल सिंड्रोम हे नाव तुम्ही ऐकले असेल. हा प्रश्न त्याच आजाराबद्दलचा आहे. उत्तर माहीत असले तरी ते बाजूला ठेवा, कोऱ्या कागदावर कोपरापासून बोटांपर्यंतचा हात काढा आणि ही नर्व्ह कोठून जात असेल असे तुम्हाला वाटते ते पेन्सिलीने आखा. चुकीची रेघ आखलेली असली की पडद्यावरची बरोबर रेघ लक्षात राहते.

[पडद्यावर : उजवा हात, तळवा समोर, त्वचा अजून जागेवर]

त्वचा लपवा. बऱ्याच मॉडेलांत लगेच लालबुंद स्नायू दिसतात, आणि नेमके येथेच थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यायची असते. खऱ्या हातात त्वचेखाली चरबीचा थर असतो, त्यात वरवरच्या शिरा आणि त्वचेच्या बारीक नर्व्ह असतात, आणि त्याखाली स्नायूंना मोज्यासारखे आवळून धरणारे फॅशिया नावाचे चिवट आवरण असते. डिसेक्शन हॉलमध्ये विद्यार्थ्यांचा निम्म्याहून अधिक वेळ हेच थर सोडवण्यात जातो, आणि सॉफ्टवेअर मात्र ते एका क्लिकमध्ये ओलांडते.

आता कोपराच्या पुढच्या खळग्यात या. बाहेरून आत, म्हणजे अंगठ्याच्या बाजूने करंगळीच्या बाजूकडे, बायसेप्सची कंडरा, ब्रेकियल धमनी आणि मीडियन नर्व्ह या क्रमाने तीन गोष्टी दिसतील. तेथून नर्व्ह प्रोनेटर टेरिस या स्नायूच्या दोन मुळांमधून खाली शिरते. येथे स्नायू लपवू नका, आधी पारदर्शक करा, नर्व्ह दोन मुळांच्या मधे आहे याची खात्री करून घ्या आणि मगच तो लपवा. पुढे हातातले वरच्या थराचे स्नायू एकेक करून बाजूला केले की बोटे वाकवणारा रुंद स्नायू दिसतो, त्याचे नाव फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशियालिस. मीडियन नर्व्ह याच्या खालच्या अंगाला चिकटून, त्याच्या आणि आणखी खोल असलेल्या प्रोफंडस या स्नायूच्या मधून मनगटाकडे जाते. मनगटापूर्वी साधारण 5 सेंटिमीटरवर ती या स्नायूच्या बाहेरच्या कडेने डोके वर काढते आणि त्वचेच्या अगदी जवळ, पामॅरिस लाँगसच्या कंडरेच्या आडोशाला येते.

मनगटाशी फ्लेक्सर रेटिनॅक्युलम हा जाड पट्टा हाडांच्या कमानीवर छपरासारखा ताणलेला आहे. त्याखालचा बोगदा म्हणजेच कार्पल टनेल, आणि त्यातून नऊ कंडरा आणि ही एक नर्व्ह अशा दहा गोष्टी आत जातात. आता नर्व्हवरून किंचित मागे या. या छपराच्या थोडे अलीकडे तिला एक बारीक फांदी फुटते, आणि ती फांदी छपराखाली न शिरता वरून तळहाताच्या त्वचेकडे जाते. बोगद्यात दाब वाढला तरी ही फांदी बोगद्यात नसतेच, आणि म्हणून तळहाताची संवेदना वाचते. तुमची पेन्सिलीची रेघ एकदा पाहा. ही फांदी बहुतेकांनी काढलेलीच नसते.

यानंतर हाच प्रवास कापांवर करायचा आहे. आडवा काप वाचताना एक संकेत पक्का करून ठेवावा लागतो : सीटी किंवा एमआरआयचा काप आपण रुग्णाच्या पायांकडून डोक्याकडे पाहत असल्यासारखा मांडलेला असतो, त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. मनगटाच्या कापात सुपरफिशियालिसच्या चार कंडरा दोन मजल्यांवर असतात, म्हणजे मधल्या बोटाची आणि अनामिकेची वर, तर तर्जनीची आणि करंगळीची खाली. मधली दोन बोटे पुढे आणि कडेची दोन त्यांच्या मागे अशी आपल्याच हाताने मांडून पाहा, क्रम कायमचा लक्षात राहील. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी थ्रीडी स्लायसर हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे. त्यात नमुन्याच्या तपासण्या उपलब्ध असतात आणि खऱ्या माणसांचे सीटी उघडून पाहता येतात. तेथे कोणी कशावर नाव लिहिलेले नसते. सीटीत पाण्याचे मूल्य 0 आणि हवेचे उणे 1000 धरलेले असते, हाड त्या मोजपट्टीवर बरेच वर असते, आणि करड्या छटांतून काय कुठे आहे हे आपले आपण ओळखावे लागते. मला स्वतःला हा टप्पा रंगीत मॉडेलपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

रंगांबद्दलही सांगायला हवे. धमनी लाल, शीर निळी आणि नर्व्ह पिवळी हा केवळ चित्र काढणाऱ्यांचा संकेत आहे. देह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन या रसायनात राहिलेल्या देहात सारे करडे-तपकिरी दिसते, आणि तेथे फरक कळतो तो बोटांना. माझ्या एका विद्यार्थिनीने पडद्यावर मीडियन नर्व्हचा सारा मार्ग न अडखळता सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तीच नर्व्ह चिमट्यात धरून आत्मविश्वासाने ‘कंडरा’ म्हणाली. तिला दोष देता येत नाही, कारण पडद्याने तिला कधी काही हातात धरूच दिले नव्हते.

ही गल्लत विद्यार्थ्यांपुरतीच राहत नाही. पामॅरिस लाँगसची कंडरा काढून घेतली तरी फारसे बिघडत नाही, म्हणून शल्यविशारद ती दुसरीकडे बसवण्यासाठी वापरतात. आणि ती समजून मीडियन नर्व्हच काढली गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. माझ्या डाव्या हातासारखे मनगट असेल तर तेथे त्वचेखाली मधोमध हाती लागणारी पहिली पांढरट दोरी ही मीडियन नर्व्ह असू शकते. कंडरा चकचकीत आणि टणक असते, आणि तिचा माग काढत वर गेले की ती स्नायूत मिळते. नर्व्ह त्या मानाने मऊ आणि मंद रंगाची असते, तिच्या अंगावरून बारीक रक्तवाहिन्या धावत असतात, आणि वर जाऊन ती कोणत्याही स्नायूत संपत नाही.

पुढच्या व्हिडिओपर्यंतचे काम असे : करंगळीच्या बाजूची अल्नर नर्व्ह कोपराच्या मागून मनगटापर्यंत एकही भाग एकटा न पाडता शोधा, ती त्या छपराच्या खालून जाते की वरून हे आधी कागदावर लिहा, आणि मगच माउसला हात लावा.