फिल्टर बदलला आणि ट्रॅक्टर धरेना

(दृश्य: शेतातली शेड, बॉनेट उघडलेला ट्रॅक्टर, जमिनीवर जुने फिल्टर)

ऑक्टोबर. पाऊस ओसरलाय, रब्बीची मशागत तोंडावर आलीय. या ट्रॅक्टरचे दोन्ही डिझेल फिल्टर मालकानं सकाळी घरच्या घरी बदलले. काल संध्याकाळपर्यंत हाच ट्रॅक्टर नांगर ओढत होता. आता स्टार्टर मारला की इंजिन गरागरा फिरतं, पण धरत नाही.

भोवती जमलेली मंडळी लगेच पंपाकडे बोट दाखवतात. पंप गेला, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्या) गेल्या, टायमिंग (फवारणीची वेळ) हललं. सकाळी ज्याला हातही लागला नाही, तो पंप दुपारी कसा जाईल? तपासाची वाट सकाळच्या कामाची आहे. पाना जिथं जिथं लागला, तिथं तिथं परत जायचं.

त्याआधी एक नजर सायलेन्सरकडे टाका. स्टार्टर फिरत असताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचतंय, फक्त पेटत नाहीये. धुराचा मागमूसच नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत गेलेलंच नाही. या एका खुणेनं निम्मा तपास होतो आणि त्यासाठी एकही नट उघडावा लागत नाही.

इथं धूर नाही. मग आधी सोप्या गोष्टी बघू. इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच राहिलीय का? टाकीखालचा कॉक फिल्टर काढताना बंद केला होता, तो परत उघडला का? कितीतरी ट्रॅक्टर एवढ्यावरच सुरू होतात.

(दृश्य: फिल्टरचं डोकं, जवळून)

दांडी आत आहे, कॉक उघडा आहे. मग राहते ती हवा. गावाकडे म्हणतात, गाडीनं एअर धरली.

फिल्टरची वाटी रिकामी होती, ती बसवताना आत हवा राहिली. नोझल उघडायला साधारण २०० बार दाब लागतो, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळपास शंभरपट. डिझेल सहजी दबत नाही, म्हणून पंपाचा प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, वर गेला की हा दाब तयार होतो. नळीत हवा असली तर ती आकसते आणि प्लंजर खाली येताच पुन्हा फुगते. नोझल मिटलेलीच राहते. स्टार्टर कितीही मारा, बॅटरी तेवढी उतरेल. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे मिनिटभर थांबा.

एअर काढायची ती टाकीकडून इंजिनकडे, याच क्रमानं. पहिल्या फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन फेरे सैल करायचा आणि फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या पंपाचा, हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. हातपंप थांबवून आवळला तर हवा पुन्हा आत जाते. मग दुसरा फिल्टर, मग डिझेल पंपावरचा स्क्रू. काही इंजिनांत हातपंपाऐवजी फीड पंपाला छोटा दांडा असतो. तो ढिला लागला, दाबच देईना, तर इंजिन थोडंसं फिरवून पुन्हा बघा.

रिकामा फिल्टर वरून डिझेल ओतून भरायचा मोह होतो. दुसऱ्या फिल्टरच्या बाबतीत तो टाळाच. कॅनमधलं न गाळलेलं डिझेल तिथून थेट पंपात जातं. तिथं प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमधली फट जेमतेम दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. नोझलही अशाच बारकाईनं बनते. नाशिकमध्ये मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, कारखान्यात हे काम वर्षानुवर्षं चालत आलंय आणि शहरातल्या एका चौकाला लोक मायको सर्कल म्हणूनच ओळखतात. इतक्या नाजूक कामात बारीक धुळीचा कणही घातक ठरतो.

(दृश्य: नोझलच्या नळ्यांचे नट)

तरीही धरत नसेल, तर नोझलकडचे नळ्यांचे नट एकेक फेरा सैल करायचे, हातातला ॲक्सिलरेटर पूर्ण ओढायचा आणि स्टार्टर मारायचा. नटाशी बिनफेसाचं डिझेल उसळू लागलं की आवळायचं. बोट मात्र तिथं नेऊ नका. या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तिला तातडीनं ऑपरेशन लागू शकतं. आणि कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे जिथं सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून दाबाचं डिझेल मिळतं त्या इंजिनाच्या, नळ्या कधीच अशा सैल करायच्या नाहीत. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो.

आणखी एक, आणि हे जिवाचं आहे. स्टार्टर फिरलाच नाही, तर बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का, ते बघा. खाली उभं राहून स्टार्टरवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून शॉर्ट करू नका. तसं केलं की गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू न देणारा सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होताक्षणी पुढे सरकतो आणि मोठं चाक शेजारी उभ्या माणसावरून जातं. माणसं अशी गेली आहेत.

(आवाज: इंजिन एका सिलिंडरवर ठोके देतं, अडखळतं, मग चारही धरतात)

दहा मिनिटं मध्यम वेगावर चालू द्या. या ट्रॅक्टरला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एअर काढावी लागली, कारण फिल्टरच्या डोक्यात जुनी रबरी रिंग चिकटून राहिली होती आणि नवी तिच्यावरच बसवली होती. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं. तिथला सांधा ढिला असला तरी इंजिन चालू असताना बाहेर थेंब दिसेलच असं नाही, तो आत हवा ओढतो. म्हणून गळती शोधताना कोरडे सांधेही तपासायचे. इथं जुनी रिंग काढली, बेंजो बोल्टचे (ज्यातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे घातले आणि एअर पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच स्टार्टरला इंजिन धरलं.