आड, हापसा, जार

मंडळी, दुष्काळावर बोलायचं म्हटलं की आपण आधी आभाळाकडे बघतो. आज मी तुम्हाला गावातल्या तीन गोष्टींकडे बघायला सांगणार आहे: आड, हापसा आणि जार. पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगेल, पण आपल्या मराठवाड्याचं काय होत चाललंय ते या तिघांना विचारा.

आडाच्या काठावरचा दगड जवळून पाहा. दोरानं घासून त्याला खाचा पडल्यात, बोट घातलं तर पेरभर आत जातं. कैक पिढ्यांच्या बायकांनी शेंदलं तेव्हा त्या पडल्या. आता आत वाकून बघा. निर्माल्य, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, एखादी फाटकी चप्पल. बऱ्याच गावांत आड आटण्याच्या आधीच हा कचरा सुरू झाला. नळ आला, मग ज्याच्या-त्याच्या अंगणात बोअर आला, आणि आपल्याला ज्या पाण्याची गरज उरली नाही त्यात घाण टाकताना कुणाचा हात अडखळला नाही. पाणी पुढं कधीतरी गेलं. त्याच्यावरचं गावाचं लक्ष आधी गेलं होतं.

हे ऐकून जुना काळ फार चांगला होता असं कृपा करून समजू नका. त्या आडावर सगळ्यांना पाणी नव्हतं. कुणी तरी वरून ओतेल म्हणून रिकामी घागर घेऊन लांब उभं राहणारी माणसं याच गावांत होती. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते पाणी सर्वांचं आहे हे सिद्ध करण्यासाठी. विरोधक कोर्टात गेले आणि त्यांचं म्हणणं काय होतं? तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. तो वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला. पाणी सगळ्यांचं ठरवायला या राज्यातल्या माणसांनी मार खाल्ला आहे, डोकी फोडून घेतली आहेत. आणि आपण तेच पाणी, कुणी मागितलेलं नसताना, पुन्हा खाजगी करून टाकलं. याचं मला मनापासून दुःख होतं.

मधला टप्पा हापशाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव हापसे बसले. जगभर गेलेला इंडिया मार्क टू हा हापसा ज्या पंपांवरून घडला, ते आपल्याच जालन्यात आणि सोलापुरात सुधारलेले होते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. हापसा चौकात असायचा. बिघडला की दहा घरं खोळंबायची, म्हणून दहा घरं बोंब मारायची आणि दुरुस्तीला माणूस यायचा. आज त्याचा दांडा गायब आहे आणि त्याला कुणाची तरी म्हैस बांधलेली आहे. बोंब मारणाऱ्यांच्या घरी बोअर आहेत. ज्यांच्या घरी नाहीत त्यांची बोंब एकटीदुकटी पडते.

आता बोअर. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, घडीच्या पोळीला पदर असावेत तसे. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात, मांजऱ्यात म्हणजे छिद्रं असलेल्या मऊ खडकात, आणि खडकाच्या भेगांत. दर पावसाळ्यात भरतं ते मुख्यतः हे वरचं पाणी, म्हणजे तुमच्या जुन्या विहिरींचं पाणी. पाचशे-सातशे फुटांवर एखादी भेग लागली तर तिच्यात वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं थोडंसं पाणी असतं. उपसलं की ते तितक्या लवकर परत येत नाही. तरी पाणी कुठं लागेल ते सांगणारा पानाड्या हातावर नारळ धरून फिरतो, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची बोअर पाडायची गाडी रात्री शिवारात येते, सकाळपर्यंत नुसता धुरळा उडतो. शेजाऱ्यानं चारशे घेतला की आपण पाचशे. भावकीत बोलणं बंद होतं ते इथं. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला बंदी आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या शिवारात ती पाळली जाते? आणि एवढं खोल जाऊन आणलेलं पाणी आपण मांजरेच्या खोऱ्यात उसाला देतो. ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही. हमखास खरेदी होणारं दुसरं पीक त्याच्यापुढं कुणी ठेवलंय? पण हिशेब तर करायला हवा.

आणि शेवटी आला जार. वीस लिटरचा. प्लांटवाला खाली बोअरमधनं उपसतो, वर मशीन बसवतो. त्या मशीनमधून प्यायचं पाणी निघतं तसं खारट पाणीही निघतं, बरंचसं, आणि ते गटारीला लागतं. ज्याला परवडतं तो जार घेतो, आणि मग नळाला पिवळं पाणी आलं, टाकी धुतली नाही, तरी त्याला ग्रामपंचायतीत जाऊन भांडावंसं वाटत नाही. रोजंदारीवर जाणारी बाई मात्र व्हॉल्व्हच्या गळतीखाली कळशी लावून बसलेली असते. चैत्रात रांजण मांडून पाणपोई घालायची रीत होती, ती गेलीच.

२०१६ साली लातूरला काय झालं ते तुम्ही भोगलंय. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी, कलम १४४. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी. पहिल्या गाडीला दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर. गाडीचे फोटो देशभर गेले. मला जमावबंदीचा तो कागद जास्त लागला. महाडला माणसं पाण्यापाशी जमली आणि हक्क मिळाला. लातूरला पाण्यापाशी जमायलाच मनाई झाली.

उपाय विचारणार असाल तर नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं बघा. पाऊसही तिथं आपल्यापेक्षा कमीच. तिथल्या लोकांनी ग्रामसभेत ठरवून शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली, आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. यात यंत्र काही नाही. शेजारी दोनशे फूट खाली जाणार नाही याची खात्री असल्यावरच माणूस स्वतः थांबतो, आणि ती खात्री ग्रामसभेशिवाय कुणी देऊ शकत नाही.

भूजल सर्वेक्षणवाले राज्यभर ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तुमच्या शिवारात त्यांची विहीर असेल तर आकडे मागून घ्या. नसेल तर आपली एक विहीर ठरवा, दोराला दगड बांधा आणि त्याच चार महिन्यांत मोजा. आकडा शाळेच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा लिहा. शाळेची पोरं हे काम आनंदानं करतील. मुख्याध्यापक आज इथं बसलेले आहेत, आणि ऑक्टोबरला अजून वेळ आहे.